आधी कोणाला सांगितलं

जळगावच्या पिंप्राळ्यात कोणी घरच्या घरी वारलं, की दोन-चार दिवसांत त्या दारात प्रमिलाबाई हजर व्हायची. ती आली नाही तर लोकांना चुकल्याचुकल्यासारखं होतं, असं तिचं स्वतःचं म्हणणं. लोकांना कोणी विचारलं नव्हतं.

प्रमिलाबाई सरकारी आरोग्य केंद्राची आशा सेविका होती. गरोदर बायका, बाळांच्या लसी, म्हाताऱ्यांचं बीपी ही सगळी कामं ती करायची, पण पाट्या टाकल्यासारखी. तिचा खरा जीव मरणाच्या कामात. दवाखान्यात माणूस गेला तर डॉक्टर कारण लिहून मोकळे होतात. घरी गेला तर आशानं त्या घरी जायचं. काय होत होतं, कधीपासून होत होतं, शेवटी काय झालं ते घरच्यांकडून काढायचं आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमना नेऊन द्यायचं. त्यावरून मॅडम मरणाचं कारण ठरवत. बाकीच्या आशा या कामाला नाकं मुरडायच्या. सणावारी सुतकाच्या घरी कोण जाणार? प्रमिलाबाई म्हणायची, द्या इकडे, मी जाते.

त्याला कारण होतं. तिला एक विद्या येत होती. ती घरच्यांना फारसं विचारायचीच नाही. माहेरच्या बायका दारावर, म्हणजे सुतकाच्या घरी रडायला, येण्याचा दिवस ती हेरून ठेवायची. त्या दिवशी पदर डोक्यावरून ओढून त्यांच्यात जाऊन बसायचं, बस्स. खान्देशातली बाई नुसती रडत नाही, रडता रडता सांगते. "तुले घास उतरे ना रे भाऊ, पानी बी उलटी पडे!" असा एकीनं हंबरडा फोडला की बाकीच्या हुंदके द्यायच्या, आणि प्रमिलाबाई मनात टिपून घ्यायची: गिळताना त्रास, घशाचं किंवा अन्ननलिकेचं दुखणं. बाहेर पुरुषमंडळी येईल त्याला 'अटॅक आला' म्हणून सांगत असायची. अटॅक हे मरण हल्ली फार सभ्य झालंय. त्यात घरच्यांची हयगय नाही, व्यसन नाही, पोरीच्या लग्नाला आड येईल असं काही नाही. पण बायकांच्या रडण्यात अटॅक टिकायचा नाही. प्रमिलाबाईनं आणलेली हकिकत वाचून मॅडम म्हणायच्या, "हे तुम्हाला कसं कळतं हो?" मग ती नुसती हसायची. महिनाभर पुरेल एवढं सुख त्या एका प्रश्नात होतं.

हे सुख ती एकटीनं खायची नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून धाकट्या जावेला सगळं सांगायची. धाकटी जाऊ म्हणजे रूपा, दिराची, नवलची बायको. एकाच आवारात दोघींची दारं शेजारी शेजारी. धुळ्याकडच्या गावातून दोघे भाऊ जळगावला आले, तेव्हापासून दोघी एकमेकींच्या सोबतीनं राहिलेल्या. रूपा तिला अक्का म्हणायची. ती डाळ निवडत ऐकायची, प्रमिलाबाई बोलायची. कोणाला काय झालं होतं, कोणी काय लपवलं, शेवटी कशी दशा झाली. सांगताना तिचा आवाज रंगात यायचा. "त्या पुनातात्याच्या सूननी गाठ फुटी गयथी व माय," ती एकदा म्हणाली, "खोलीमा पाय ठेवाये ना, असा वास!" रूपाचा हात सुपात थांबला. प्रमिलाबाईला वाटलं, गोष्ट चांगली रंगली.

अशी सगळी घडी बसलेली असताना वृषाली ही नवी आशा आली.

वृषाली भुसावळजवळच्या दीपनगरच्या वसाहतीत वाढलेली, लग्न होऊन पिंप्राळ्यात आलेली, स्कूटीवरून फिरणारी. मोठ्या रस्त्याच्या पलीकडच्या कॉलन्या तिला मिळाल्या, अलीकडच्या गल्ल्या प्रमिलाबाईकडे राहिल्या. प्रमिलाबाईनं आधी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. पलीकडचे लोक फ्लॅटवाले. तिथं बायका तोंडाला रुमाल लावून रडतात, आवाज निघत नाही. ही पोरगी तिथून काय कप्पाळ आणणार? पण वृषाली आणायला लागली. तिची पद्धत तर ऐकून घ्या. सुतकाच्या घरी जायचं, दिला तर चहा घ्यायचा, आणि गेलेल्या माणसाचं नावही न काढता घरातल्या बाईला विचारायचं, "तुम्हाला झोप लागते का?" एवढं विचारून गप्प बसायचं. प्रमिलाबाईनं हे ऐकलं तेव्हा ती केंद्रात सगळ्यांसमोर फिस्सकन हसली. झोपेचं विचारायला आपण काय गादीवाले आहोत का, म्हणाली. हसणारी ती एकटीच निघाली.

पहिला खरा चटका बसला तो नर्मदाबाईच्या घरी. नर्मदाबाईचा नवरा भिकन गवंडीकाम करायचा, तो घरीच वारला. प्रमिलाबाई नेहमीप्रमाणे दिवस हेरून गेली. पण ते बौद्ध घर. जलदानाच्या विधीच्या दिवशी सगळे पांढऱ्या कपड्यांत शांत बसलेले, वंदना झाली, कोणी दोन शब्द बोललं, जेवणं झाली. हंबरडा फोडून दुखणं सांगणारी कोणी नाही. प्रमिलाबाई कान टवकारून बसली आणि रिकाम्या हातानं उठली. दारात भिकनच्या भावानं सांगितलं, अटॅक. तिनं तेच नेऊन दिलं. मॅडमना काय शंका आली कोण जाणे, त्यांनी फेरतपासणीला वृषालीला पाठवलं. वृषालीनं नर्मदाबाईला झोपेचं विचारलं आणि बाई घडाघडा बोलली. भिकनला टीबी होता. औषध अर्धवट सोडलं होतं. मुलीचं, मृणालीचं, लग्न ठरत होतं म्हणून कोणाला कळू दिलं नव्हतं. मॅडमनी घरातल्या सगळ्यांची तपासणी करवली, त्यात नातवाला लागण निघाली आणि त्याचं औषध वेळेत सुरू झालं. मासिक बैठकीत मॅडमनी वृषालीला उभं केलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

प्रमिलाबाईनंही टाळ्या वाजवल्या. तळहात लाल होईपर्यंत वाजवल्या. दुपारचा डबा मात्र तिनं उघडला नाही. एका नातवाचा जीव वाचला याचा आनंद व्हायला हवा, हे तिला कळत होतं. तिला तो होत नव्हता. बैठकीतून परस्पर ती नर्मदाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

"माले काबर नही सांगं?" तिनं विचारलं.

नर्मदाबाई भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलंही नाही. "तू इचारंच कोठे?" ती म्हणाली.

त्या दिवसापासून प्रमिलाबाईचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. वृषालीची स्कूटी कुठल्या दारात उभी आहे, हे बघायला ती भाजीच्या निमित्तानं रस्त्यापर्यंत जायची. कोणाशी बोलते, किती वेळ बसते, निघताना बायका तिला सोडायला फाटकापर्यंत येतात का? यायच्या. आपल्याला कोणी उंबऱ्याबाहेर सोडायला आलं होतं का, हे ती आठवत बसायची आणि आणखी जळायची. एकदा तिला रूपा रस्त्याच्या पलीकडून येताना दिसली, हातात कापडी पिशवी. "कोठे गयथी?" "भाजी लेवाले." पिशवी रिकामी होती. पण प्रमिलाबाईचं लक्ष रूपाच्या खांद्यावरून पलीकडच्या स्कूटीवर होतं, तिनं पिशवीकडे कशाला बघावं?

रूपा त्या दिवसांत वाळत चालली होती. जिना चढताना धाप लागायची, उकाड्यातही अंगावर शाल. विचारलं की म्हणायची, "दम लागस, दुसरं काय?" प्रमिलाबाईनं तिला दम्याचा काढा करून दिला आणि काढा ढवळता ढवळता वृषालीचीच गाऱ्हाणी सांगितली. सांगण्यासारखं नवीन काही होतंच. मॅडमनी जाहीर केलं होतं, की पुढच्या महिन्यापासून अख्ख्या पिंप्राळ्यातल्या मरणांची चौकशी एकीकडेच द्यायची. वृषाली नाहीतर प्रमिलाबाई. महिनाअखेरीला नाव ठरणार होतं.

"मना हातमाईन हाई काम गयं ना, तं मी काय करसू व?" प्रमिलाबाई म्हणाली. खोटं नव्हतं ते. या कामाशिवाय तिला गल्लीत कोणी ओळखावं असं तिच्याजवळ काही नव्हतं. रूपा काहीतरी बोलणार असं वाटलं. मग तिनं काढ्याचा पेला तोंडाला लावला.

महिनाअखेर यायच्या आत रूपा गेली. सकाळी नवल चहा घेऊन तिला उठवायला गेला, ती उठली नाही.

प्रमिलाबाई ऊर बडवून रडली. ते रडणं अस्सल होतं, त्यात कोणी खोट काढू नये. इतक्या वर्षांचा शेजार, एका चुलीवरून दुसऱ्या चुलीवर गेलेली कालवणं, एकमेकींच्या लेकरांची आजारपणं. चाळीसगावहून रूपाची लेक भावना आली, कडेवर चार महिन्यांचं बाळ. धुळ्याकडून रूपाची आई धुरपदाबाई बायका घेऊन दारावर आली. गल्लीच्या तोंडापासूनच म्हातारीनं आवाज लावला. "तुले दम लागे ना वं मनी माय, तुले बसाये ना, तुले झोपाये ना!" प्रमिलाबाई तिच्या गळ्यात पडून रडत होती, आणि लाज वाटली तरी कान आपलं काम करतच होते. दम. बसवत नाही, झोपवत नाही. दमाच तो. आईच्या तोंडून निघालं म्हणजे प्रश्नच मिटला.

पण नियम असा, की आपल्या घरच्या मरणाची चौकशी आपण करायची नाही. मॅडमनी वृषालीला पाठवलं.

ती आली तेव्हा पुढच्या खोलीत सतरंजीवर नवल, भावना, धुरपदाबाई आणि प्रमिलाबाई बसले होते. प्रमिलाबाईनं ठरवून टाकलं होतं, की या पोरीला आपल्या घरात चहा मिळणार नाही. चहा भावनानंच आणला. वृषालीनं तो घेतला. झोपेचं वगैरे तिनं काही विचारलं नाही. प्रमिलाबाईला ते जरा विचित्र वाटलं.

"दमाच व्हता तिले," नवल म्हणाला.

"दमाच," प्रमिलाबाईनं दुजोरा दिला. "लिहून घे."

वृषालीनं लिहिलं नाही. तिनं भावनाकडे पाहिलं. भावनाच्या डोळ्यांतून पाणी सुरू झालं आणि ती बापाकडे न बघता बोलली, "दमा नव्हता, बाबा. आईच्या छातीत गाठ होती. कॅन्सरची. ती पुढे फुप्फुसात गेली."

 मग हळूहळू सगळं बाहेर आलं. संक्रांतीच्या सुमाराला रूपा रस्ता ओलांडून वृषालीच्या घरी गेली होती आणि तिनं गाठ दाखवली होती. वृषालीनं तिला त्याच आठवड्यात मोठ्या दवाखान्यात नेलं, सुईची तपासणी झाली, डॉक्टर म्हणाले लवकर काढू. रूपा म्हणाली, पोरीचं बाळंतपण होऊ द्या, मग काढा. पोरीला कळलं तर ती घाबरेल, तिच्या पोटातल्याला काही होईल. वृषालीनं हात जोडले, रागावली, पुन्हा पुन्हा बोलावलं. शेवटी बाळंतपण झाल्यावर भावनाला फोन करून सांगितलं. तोवर फार उशीर झाला होता. भावनानं आईला विचारलं, तर तिनं बाबांना न सांगण्याची शपथ घातली.

"माफ करा, भाऊ," वृषाली नवलला म्हणाली. "मी तुम्हाला सांगायला हवं होतं. त्यांना शब्द दिला होता."

 नवलच्या आधी बोलली ती प्रमिलाबाई, आणि तिच्या तोंडून जे निघालं ते ऐकून तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

"तुला सांगितलं?" ती म्हणाली. "तुला?"

रूपा गेल्याचं दुःख होतं, ते कुठे गेलं नव्हतं. पण त्या घटकेला ते मागे ढकललं गेलं आणि पुढे आली ती नुसती आग. भिकनच्या बायकोनं सांगितलं, समजण्यासारखं आहे. कॉलनीवाल्यांनी सांगितलं, सांगोत बापडे. पण रूपानं? एका भिंतीपलीकडे राहणाऱ्या रूपानं रस्ता ओलांडावा आणि या पोरीपुढे पदर बाजूला करावा? प्रमिलाबाईला मेलेल्या जावेचा राग आला. इतका राग, की ती समोर असती तर तिनं तिला गदागदा हलवलं असतं.

"आमच्या घरात राहून तुझ्याकडे का आली ती?" तिनं विचारलं.

 उत्तर भावनानं दिलं, आणि आईच्याच शब्दांत दिलं. "आई म्हने, अक्काले सांगं तं मी जित्ती शे तवयच लोके दारवर येतीन."

दुसरी कोणी असती तर ऐकून खाली बसली असती. प्रमिलाबाई आधीच बसलेली होती, आणि बसूनसुद्धा तिला खोली फिरल्यासारखी वाटली. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या. त्या नजरांत राग नव्हता. कीव होती, आणि तीच तिला सोसवेना. अख्ख्या पिंप्राळ्याचं दुखणं काढून आणणारी बाई, आणि हिला घरच्या जावेनं हुंगलंसुद्धा नाही, हे उद्या गल्लीत होणार. वृषाली सांगणार नाही, पण होणार.

वृषालीनं डोळे पुसले आणि कामाला लागली. लागणं भाग होतं. "एक विचारावं लागतं," ती म्हणाली. "हे दुखणं घरात पहिल्यांदा कोणाला कळलं? आणि कधी? मी भावनाताईंचं नाव लिहिते."

"माझं लिही," प्रमिलाबाई म्हणाली.

वृषालीनं मान वर केली.

"मला सांगितलं होतं तिनं. तुझ्या आधी. मागच्या दिवाळीत." एकदा तोंड उघडल्यावर पुढचं आपोआप येत गेलं. "ओट्यावर बसलो होतो दोघी. तिनं माझा हात धरला आणि गाठीवर ठेवला. अक्का, कोणाला सांगू नको म्हणाली. मी नाही सांगितलं."

बोलता बोलता तिला ते दिसायलाही लागलं. रूपाचा हात, ओटा, पणत्या. असंच व्हायला हवं होतं. झालं नव्हतं, ही काय प्रमिलाबाईची चूक?

वृषालीला खरं काय ते ठाऊक होतं. रूपा पहिल्या दिवशी तिच्या घरी येऊन म्हणाली होती, आजवर मी कोणाला सांगितलं नाही, माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही. ते तिनं इथे बोलून दाखवलं नाही. ती फक्त म्हणाली, "ताई, नीट आठवा. दुःखात माणसाची गल्लत होते. तसं नसेल तर मी काहीच लिहीत नाही."

"गल्लत व्हायला मी काय काल आलेय या कामात?"

धुरपदाबाई आत्तापर्यंत भिंतीला टेकून होती. तिला शहरी मराठी बोलणं अर्धंमुर्धं कळायचं, पण दिवाळी हा शब्द तिनं बरोबर उचलला. ती हातांवर रेटत पुढे सरकली आणि प्रमिलाबाईच्या समोर येऊन बसली. आता तिच्या आवाजात रडणं नव्हतं.

"दिवाईमा सांगं तुले? मनी पोरनी?"

"हां, मावशी."

"मंग तू तिले दवाखानामा काबर नही लई गयी?"

प्रमिलाबाई पदर सावरायला लागली.

"काढा पाजे तू तिले," म्हातारी म्हणाली. "फोनवर सांगे ती माले, अक्का काढा देस, अक्का मनी काळजी लेस. गाठ शे हाई माहीत व्हतं तुले, आनि तू काढा पाजे? तू तं बठ्ठासनं मरन इचारत फिरस ना वं. मना पोरनं तुले समजनं नही?"

नवलनं वहिनीकडे पाहिलं. ती लग्न होऊन घरात आल्यापासून त्यानं तिच्याकडे मान वर करून कधी पाहिलं नव्हतं, आता पाहत होता. भावनानं बाळाला उचललं आणि ती काकूच्या शेजारून उठून आजीच्या मागे जाऊन बसली.

"आजी, थांबा जरा," वृषाली घाईनं म्हणाली. मग ती प्रमिलाबाईकडे वळली, अगदी जवळ सरकली. आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, अजून लिहिलेलं नाही. हे मॅडमकडे जाईल. तुम्ही एवढंच म्हणा, की तुम्हाला माहीत नव्हतं. मी सगळ्यांना समजावते."

एवढंच म्हणायचं होतं. रूपानं मला सांगितलं नव्हतं. प्रमिलाबाईनं ते वाक्य मनात जुळवलंही. म्हटलं असतं तर म्हातारीचा हात पाठीवर आला असता, नवलची मान पुन्हा खाली गेली असती, महिनाअखेरीचं नावसुद्धा कदाचित हातचं गेलं नसतं. पण समोर वृषाली होती. तिचा चेहरा मायेनं भरलेला होता, डोळे रूपासाठी रडून सुजलेले होते, आणि त्या चेहऱ्याकडे बघत ते वाक्य प्रमिलाबाईच्या तोंडून बाहेर पडेना.

"लिही," ती म्हणाली. "पहिल्यांदा मलाच."

वृषालीनं पेन उचललं. मग तिनं लिहिलं. तिथला पुढचा प्रश्न ठरलेला असतो, तो चुकवता येत नाही. तो तिनं प्रमिलाबाईकडे न बघता विचारला.

"कळल्यावर तुम्ही काय केलं?"